काटा कुठल्या बाजूला खोटं बोलतोय?

पावसाळ्यात सांगलीकराचा दिवस 'आयर्विनला किती?', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट, या प्रश्नाने उजाडतो. ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. पुलाजवळची ती रंगवलेली पट्टी खोटं बोलत नाही, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. पाणीही समोर आणि आकडाही समोर. गाडीतल्या पेट्रोलच्या काट्याचं तसं नाही. पेट्रोल मागच्या सीटखाली, काटा स्टिअरिंगपुढे आणि मधे वायर, कपलर (वायरींचा सुटा होणारा जोड), फ्यूज, अर्थिंगचा बोल्ट. यातल्या कुणीही मान टाकली तरी दिसतो फक्त काटा आणि शिव्याही त्यालाच बसतात.

माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचा काटा गाडी खड्ड्यात आदळली की 'ई'वर पडायचा आणि थोड्या वेळाने आपोआप वर यायचा. दोन-तीन महिने हा खेळ बघितल्यावर मी त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलं. लांडगा आला रे आला. मग एकदा जतला जाताना कवठेमहांकाळच्या पुढे तो खरोखरच खाली गेला, मी सवयीने दुर्लक्ष केलं आणि भर दुपारी गाडी रस्त्याकडेला उभी राहिली. त्यानंतर एका गॅरेजने टाकी उतरवून नवं टँक युनिट बसवलं, पैसे घेतले आणि आठ दिवसांत काटा परत पडायला लागला. शेवटी कुपवाडच्या एका वायरमन मामांकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "काटा खोटं बोलतोय हे कळलं. पण कुठल्या बाजूला बोलतोय ते सांगा की आधी." दोष निघाला डिकीतल्या कार्पेटखालच्या एका बोल्टमध्ये. लागला फक्त पॉलिश पेपरचा तुकडा.

खालचा क्रम त्यांच्याकडून शिकलेला आणि नंतर ओळखीतल्या चार-पाच गाड्यांवर करून पाहिलेला आहे. त्यात टाकीला हात लावायची वेळ जवळजवळ शेवटी येते.

आधी यंत्रणा समजून घ्या

टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, तो एका तारेच्या दांडीला जोडलेला. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पत्ती असते आणि ती रेझिस्टन्सच्या (करंटला होणाऱ्या अडथळ्याच्या, तो ओहममध्ये मोजतात) ट्रॅकवर सरकते. फ्लोट, दांडी आणि ट्रॅक मिळून जे होतं त्याला गॅरेजमध्ये टँक युनिट म्हणतात. मीटरमधून, म्हणजे स्टिअरिंगपुढच्या काट्यांच्या पॅनलमधून, एक बारीक वायर या युनिटकडे येते आणि युनिट ती ट्रॅकमधून बॉडीला, म्हणजे अर्थला जोडतं. पेट्रोल कमी-जास्त झालं की रेझिस्टन्स बदलतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो.

गंमत अशी की रेझिस्टन्स कुठल्या दिशेने बदलतो हे सगळ्या गाड्यांत सारखं नसतं. सुझुकीच्या जुन्या गाड्यांत टाकी भरलेली असताना तो ३ ओहमच्या आसपास, अर्धी असताना ३० ते ३५ आणि रिकामी असताना ११०च्या जवळपास असतो. युरोपीय पद्धतीच्या अनेक युनिटमध्ये नेमकं उलटं: रिकामी असताना १०, भरलेली असताना १८०. त्यामुळे पहिल्या जातीच्या गाडीत वायर तुटली की काटा 'ई'वर पडतो आणि वायर सोलून बॉडीला चिकटली की 'एफ'वर जाऊन बसतो. दुसऱ्या जातीत हे दोन्ही उलटे. "काटा फुलवर अडकलाय म्हणजे फ्लोट अडकलाय" असं कुणी न तपासता सांगितलं तर हे आठवा.

दोन दिवस नुसतं बघा

घाई करू नका. टाकी एकदा पंपाच्या ऑटो-कटपर्यंत भरून घ्या, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि काटा कुठे, कधी, कसा वागतो ते वहीत टिपा. निम्मं निदान इथेच होतं. खालची लक्षणं पहिल्या जातीच्या, म्हणजे भरल्यावर रेझिस्टन्स कमी असणाऱ्या गाडीला धरून लिहितो. आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांत ती जात जास्त भेटते.

टाकी भरूनही काटा 'एफ'ला पोचत नाही, पाऊण टाकीवरच थांबतो, पण रिकामी होताना मात्र बरोबर दाखवतो. हे गंजलेल्या अर्थिंगचं किंवा मळलेल्या कपलरचं लक्षण. गणित सोपं आहे. गंजामुळे वाटेत १० ओहम जास्तीचे शिरले, तर भरलेल्या टाकीचे ३ ओहम १३ होतात, म्हणजे चौपटीहून जास्त. रिकाम्या टाकीचे ११० मात्र १२० होतात, तिथे काट्याला फरक जाणवतही नाही. म्हणून खोट फक्त वरच्या बाजूला दिसते.

वरपासून खालपर्यंत सगळीकडे सारखंच कमी किंवा सारखंच जास्त दाखवत असेल तर फ्लोटची दांडी वाकलेली असू शकते, विशेषतः टाकी किंवा टाकीतला पेट्रोलचा पंप नुकताच उघडला असेल तर. दिवसेंदिवस कमी कमी दाखवत शेवटी 'ई'वरच राहिला, तर फ्लोटला बारीक भोक पडून आत पेट्रोल शिरलंय. बुडालेला फ्लोट तरंगणार कसा?

एका ठरावीक पातळीला आला की काटा धाडकन पडतो आणि ती पातळी ओलांडली की परत बरोबर येतो, तर ट्रॅक तिथे झिजलाय. दर वेळी "पाचशेचं टाका" म्हणणाऱ्यांचा फ्लोट कायम खालच्या पाव टाकीत हेलकावत असतो, त्यामुळे झीजही तिथेच जास्त होते. सीएनजीवर धावणाऱ्या गाड्यांचं वेगळं दुखणं. त्यांत पेट्रोल महिनोन्‌महिने एकाच पातळीला पडून राहतं, संपर्कावर थर चढतो आणि काटा त्याच जागी रुसून बसतो.

माझ्या गाडीसारखा आदळआपटीत पडणारा काटा म्हणजे बहुतेक वेळा लूज कॉन्टॅक्ट. ब्रेक दाबल्यावर किंवा हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर अर्थिंगवर जवळजवळ शिक्कामोर्तबच समजा, कारण मागच्या दिव्यांचा आणि टँक युनिटचा अर्थ पुष्कळदा एकाच बोल्टवर असतो. दिव्यांचा करंट गंजलेल्या बोल्टमधून वाट काढू लागला की काट्याचं गणित बिघडतं.

आणि बिघाड नसलेल्या गोष्टींनाही बिघाड समजू नका. टाकी भरल्यावर पहिले काही किलोमीटर काटा हलत नाही, कारण दांडी वरच्या टोकाला आधीच टेकलेली असते. घाटात किंवा उतारावर उभ्या गाडीचा काटा थोडा सरकतो. खंबाटकीत चढताना दिसणाऱ्या काट्यावरून हिशेब मांडायचा नाही.

मीटरमधला, पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवाही बघा. काही जुन्या गाड्यांत त्या दिव्याचा सेन्सर वेगळा असतो. काटा अर्ध्यावर आणि दिवा पेटलेला, असं दिसलं तर दिव्यावर विश्वास ठेवा आणि पहिला पंप गाठा.

फ्यूज

टेंपरेचरचा काटा, इंडिकेटर, बाकीचं मीटर चालतंय का बघा. सगळंच बंद असेल तर मीटरचा फ्यूज उडालाय. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर त्याचा नंबर असतो. तेवढ्याच अँपिअरचा बसवा, परत उडाला तर शॉर्ट शोधा, मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नका. बायमेटल (तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालणाऱ्या) काट्यांच्या जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकाच बाजूला चुकत असतील तर मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर गेलेला असतो. पेट्रोलचा एकटाच काटा बिघडलेला असेल तर पुढे चला.

कपलर काढून चाचणी

खरी परीक्षा ही. त्यासाठी व्होल्ट-ओहम मोजणारा साधा मल्टिमीटर, दोन-तीन मीटर वायर, क्रोकोडाइल क्लिपा आणि रेडिओ-पार्टच्या दुकानात मिळणारे ३३ आणि १०० ओहमचे ५ वॅटचे रेझिस्टर घ्या. पांढऱ्या विटेसारखे दिसतात, किंमत अगदी किरकोळ.

टँक युनिटचा कपलर बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की पत्र्याच्या किंवा रबरी झाकणाखाली सापडतो. काहींत तो गाडीखालून गाठावा लागतो. गाडी जॅकवर घेतली तर स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका. काम उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर कपलर काढण्याआधी वासाचं कारण शोधा.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत याच कपलरमध्ये पंपाच्याही वायरी असतात. पंपाच्या वायरी जाड, युनिटच्या बारीक. चावी ऑन केल्यावर दोनेक सेकंद १२ व्होल्ट येऊन जाणारी वायर पंपाची असते, तिला अर्थ लावलात तर फ्यूज गेलाच. बाकीच्या बारीक वायरींत युनिटची नेमकी कुठली हे गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून पक्कं करा. अंदाजाने हात घालण्यापेक्षा वायरमनला एकदा विचारलेलं बरं.

चावी बंद करून कपलर काढा. चावी ऑन करून काट्याकडे बघा. पुन्हा चावी बंद, मीटरकडून येणाऱ्या बारीक वायरला ३३ ओहमच्या रेझिस्टरमधून बॉडीचा चांगला अर्थ द्या, चावी ऑन. सुझुकी पद्धतीच्या गाडीत काटा अर्ध्याच्या आसपास यायला हवा. १०० ओहम लावल्यावर 'ई'जवळ. जुन्या साध्या काट्याच्या गाडीत वायरमन लोक थेट अर्थ लावून काटा 'एफ'वर जातो का बघतात, दोन-चार सेकंदांसाठी ते चालतं. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या गाडीत थेट अर्थ नको, रेझिस्टरच वापरा.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. काही गाड्यांत नवं मोजमाप चावी बंद-चालू केल्यावरच पटकन दिसतं. म्हणून प्रत्येक बदलानंतर चावी बंद करा, ऑन करा, मिनिटभर थांबा. मी पहिल्यांदा दहा सेकंद बघून "मीटर मेलं" असं जाहीर केलं होतं.

काटा रेझिस्टरप्रमाणे हलला तर मीटर, फ्यूज आणि पुढून मागे येणारी वायर, तिघंही निर्दोष. दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. हललाच नाही तर युनिटला हात लावायचं कारण नाही, दोष वायरमध्ये किंवा मीटरमध्ये.

अर्थिंग

कपलर परत जोडा. युनिटच्या अर्थ वायरला, ती पुष्कळदा काळी असते, एक लांब वायर लावा आणि तिचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. टाकीवर ठिणगी पडू नये म्हणून आधी युनिटकडचं टोक जोडा आणि बॅटरीचं टोक सगळ्यात शेवटी, पुढे बॉनेटमध्ये. चावी ऑन. काटा ताळ्यावर आला तर अर्थिंगचा बोल्ट शोधा: डिकीचं कार्पेट, मागच्या दिव्यांची मागची बाजू, मागच्या सीटच्या कडेचा पत्रा.

बोल्ट सोडवा, वायरीची टिकली आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा आणि वरून थोडं ग्रीस फासा. ग्रीस आधी नाही, नंतर.

आपल्या भागात हे दुखणं जास्त भेटतं आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१च्या जुलैतही कृष्णा गावात शिरली. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या. सीट बदलल्या, कार्पेट बदललं, पण कपलरच्या पिनांमध्ये शिरलेला गाळ कोण काढणार? माझ्या गाडीच्या त्या बोल्टखाली वाळून कडक झालेली तांबूस माती होती. विकणाऱ्याने पुराचं नावही काढलं नव्हतं. जुनी गाडी घेताना डिकीचं कार्पेट उचलून अर्थिंगचे बोल्ट बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

कपलरच्या पिना हिरव्या-काळ्या दिसत असतील तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, चार-पाच वेळा घालून-काढून पिना घासू द्या आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. पिन सैल झाली असेल तर बारीक सुईने हलकेच आवळता येते.

वायर

बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि युनिटच्या कपलरपासून मीटरच्या कपलरपर्यंत तीच वायर तपासा. बीप नाही म्हणजे वायर तुटलीय. दोन्ही कपलर सुटे असताना वायर आणि बॉडी यांच्यात बीप आला तर ती कुठेतरी सोलून चिकटलीय. तुटण्याच्या ठरलेल्या जागा दोन: दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी आणि मागच्या सीटच्या बिजागरीजवळचा भाग. पावसाळ्यात गाडी महिनाभर हलवली नसेल तर उंदरांनाही संशयितांत धरा. जोड देताना नुसत्या पिळ्यावर टेप गुंडाळू नका, सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घाला.

टँक युनिट

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच हे. प्रथम टाकी न उघडता युनिटच्या पिनांवर रेझिस्टन्स मोजा. किती पेट्रोल आहे त्याच्याशी आकडा जुळतोय का? गाडी मागून हलकेच हलवली तर आकडा थोडा नाचायला हवा. पडद्यावर 'ओपन' दिसलं तर ट्रॅक किंवा आतली वायर तुटलीय. आकडा अजिबात नाचत नसेल तर दांडी अडकलीय.

टाकी उघडायचीच असेल तर पेट्रोल पाव टाकीच्या खाली आणा. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग इंजिन थंड होऊ द्या आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सिगारेट, फोन, टेस्टलॅम्प, साध्या बल्बचा हँडलॅम्प यातलं काही जवळ नको. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. पहिल्यांदाच करत असाल तर हे काम मेकॅनिकलाच द्या, आतापर्यंतच्या चाचण्यांमुळे तो काय बदलतोय ते तुम्हाला माहीत आहे एवढं पुरे. माझ्या मते टाकी गाडीखालून उतरवावी लागत असेल तर घरी प्रयोग नकोच.

झाकण उघडण्याआधी वरची माती ब्रशने आणि ओल्या फडक्याने काढा, नाहीतर ती टाकीत जाते. युनिट टाकीवर आवळून धरणारी लॉक रिंग लोखंडी छिन्नी-हातोडीने ठोकायची पद्धत सर्रास दिसते. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडते, तेव्हा पितळी तुकडा किंवा लाकडी ठोकळा वापरा. युनिट तिरकं करून अलगद काढा, दांडी कुठे अडकवून वाकवू नका. रबरी सील पेट्रोलने फुगलेलं असतं आणि परत नीट बसत नाही, म्हणून नवं सील आधीच आणून ठेवा.

बाहेर काढलेलं युनिट टाकीपासून लांब नेऊन मल्टिमीटर लावा आणि दांडी खालून वर हळूहळू फिरवा. आकडा सलग बदलायला हवा, मधे उडी किंवा 'ओपन' नको. फ्लोट कानाजवळ धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली की तो बाद. ट्रॅकवर काळपट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने पुसून बघा. इंधनातल्या गंधकाने चांदीच्या संपर्कांवर असा थर चढतो आणि पुसल्यावर काही युनिट खरंच जिवंत होतात. पॉलिश पेपर मात्र इथे चालवायचा नाही, ट्रॅकच खरवडून निघतो. झिजलेल्या ट्रॅकला इलाज नाही. काही गाड्यांसाठी फक्त फ्लोट-ट्रॅकचा भाग सुटा मिळतो, काहींत पंपासकट अख्खं मॉड्यूल घ्यावं लागतं, तेव्हा दुकानात आधी तेवढं विचारा.

मीटर आणि स्कॅनर

वायर चांगली, फ्यूज चांगला आणि रेझिस्टर लावूनही काटा ढिम्म, तर दोष मीटरमध्ये. आत काट्याची मोटर जाते किंवा सोल्डरला तडा जातो. हे काम मीटर दुरुस्त करणाऱ्याचं. नव्या गाड्यांत दुसऱ्या गाडीचं मीटर आणून बसवलं तर किलोमीटरचा आकडा आणि चावीचं कोडिंग यांचा घोळ होतो, तो मोह टाळा.

गाडी नवी असेल तर टाकीकडे जायच्या आधी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावून बघा. पी०४६० ते पी०४६४ हे कोड पेट्रोल-पातळीच्या सर्किटचे. पी०४६२ म्हणजे सिग्नल प्रमाणाबाहेर कमी, पी०४६३ म्हणजे प्रमाणाबाहेर जास्त, पी०४६४ म्हणजे अधूनमधून तुटणारा. काही गाड्या लाइव्ह डेटामध्ये टाकी किती टक्के भरली तेही दाखवतात. स्कॅनर ६० टक्के म्हणतोय आणि काटा 'ई'वर, असं दिसलं तर टाकीकडची बाजू बहुधा निर्दोष.

लिटरने पडताळणी

दुरुस्ती होईपर्यंत गाडी ट्रिप मीटरवर चालवा. ३५ लिटरची टाकी आणि लिटरला १४ किलोमीटर धरले तर ४९० होतात, पण मी ३०० झाले की पंपावर जातो. डिझेल गाडी असेल तर आणखी आधी जा. डिझेल पूर्ण संपलं की लाइनमध्ये हवा शिरते, नुसतं डिझेल ओतून बऱ्याच गाड्या सुरू होत नाहीत, हँड पंप मारून हवा काढत बसावं लागतं.

दुरुस्तीनंतर सपाट जागेवरच्या एखाद्या पंपावर, टाकी जवळपास रिकामी असताना, पाच-पाच लिटर टाकत जा आणि दर वेळी चावी बंद-चालू करून काटा कुठे आला ते लिहा. पंपावरचा पोरगा वैतागतो, म्हणून गर्दी नसलेली वेळ निवडा. टाकीचा आकार वेडावाकडा असल्यामुळे सगळी घरं सारखी निघत नाहीत. माझ्या गाडीत 'ई'च्या रेघेवर काटा आला की साडेपाच लिटर शिल्लक असतात आणि वरची अर्धी टाकी खालच्या अर्ध्यापेक्षा सावकाश संपते. ही चिठ्ठी मी सन वायझरला लावून ठेवलीय. जतच्या रस्त्याला लागण्याआधी तिच्याकडे एकदा नजर जाते.